गैरसमज नेमका कोणाचा?

इटालियन शिकताना तिकीट, कॉफी, हवापाणी हे धडे पटापट उरकतात. खरी गंमत सुरू होते ती ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’पासून. कारण ही एकच तक्रार तिथे निदान तीन तऱ्हांनी करता येते आणि दर वेळी दोष निराळ्याच्या पदरात पडतो.

‘मी आइ फ्राइन्तेसो’ म्हणजे तू माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ काढलास. बोट सरळ समोरच्याकडे. ‘ची स्यामो कापीती माले’ म्हटलं की गफलत दोघांची, हिशेब निम्मा-निम्मा. आणि सगळ्यांत सभ्य, अनोळखी माणसापुढेही खपणारं, ‘नोन मी सोनो स्प्येगाता’: मलाच नीट सांगता आलं नाही. (पुरुषाने ‘स्प्येगातो’ म्हणायचं. माघार घेतानाही लिंग सांभाळावं लागतं, पण मराठी माणसाला त्याचं काय नवल!) मात्र ही नम्रता नेहमीच खरी नसते. भुवया किंचित वर चढवून, आधी एक ‘फोर्से’, म्हणजे ‘बहुधा’, लावून हेच वाक्य टाकलं की ते ‘डोकं कुठे ठेवून आलात?’ इतकं बोचरं होतं. पुणेकरांना हा सूर वेगळा शिकवावा लागत नाही.

तिऱ्हाइताने ऐकण्यात घोळ घातला तर त्याची थट्टा करायला वाक्प्रचार आहेतच. ‘फिस्की पेर फियास्की’: शिट्ट्यांना बाटल्या समजणं. फियास्को म्हणजे कियान्ती वाइनची ती गवताच्या वेष्टणातली गोल पोटाची बाटली. दुसरा ‘रोमा पेर तोमा’, रोमाच्या जागी तोमा ऐकणं. एका अक्षराची करामत, त्यामुळे आपल्याला लगेच ‘ध चा मा’ आठवतो. पण नारायणरावांच्या १७७३ मधल्या खुनाभोवतीची ती आख्यायिका मुद्दाम केलेल्या खाडाखोडीची आहे. तोमा ऐकणारा बिचारा निष्पाप, त्याचे फक्त कान तिखट नाहीत.

इतकं करूनही गाडी रुळावर येत नसेल तर ‘कोमे नोन देत्तो’. बोललेच नव्हते असं समज. फणकाऱ्याने म्हटलं तर ‘मरू दे’, हसून म्हटलं तर ‘राहू दे’. मी अजून हसूनच म्हणते. फणकाऱ्याला लागणारा वेग जिभेला आलेला नाही.