रिपोर्ट तर नॉर्मल आहे!

बडोद्याच्या दांडिया बाजारात स्कूटरवरून पडले, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. इथवर सगळं चारचौघांसारखं. प्लास्टर निघालं आणि तळवा सुजलेला, जांभळट, डाव्यापेक्षा गरम. पंख्याचा वारा लागला तरी तिखट चोळल्यासारखी आग. एक्स-रेत हाड मात्र सुरेख जुळलेलं. चौथ्या डॉक्टरांनी दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले आणि नाव सांगितलं: सीआरपीएस, म्हणजे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. दुखापत भरून येते, पण नसांची बोंब थांबत नाही.

हे कळलं, तरी रजा वाढवायची होती ना! आमच्या ऑफिसातल्या रजेच्या टेबलावरचे भाई कागद उलटून म्हणाले, "बेन, रिपोर्ट तो नॉर्मल छे." एमआरआय आणा म्हणाले. आणला, तोही नॉर्मल. मग रक्त तपासा म्हणाले. तेही नॉर्मल. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टागणिक मी त्यांच्या लेखी जास्तच खोटी ठरत होते. तिसऱ्या खेपेला फाइल माझ्याकडे सरकवताना तिची कड हाताला लागली आणि मी किंचाळले. सगळा विभाग वळून बघायला लागला, शिपायाने पाणी आणलं. भाई म्हणाले, "जोरात लागलं का?"

शेवटी डॉक्टरांनीच पत्र दिलं: हा आजार एका चाचणीने सिद्ध होत नाही, बुडापेस्ट निकषांप्रमाणे, म्हणजे लक्षणांच्या ठरलेल्या यादीनुसार, हात तपासून ठरवतात. सोबत सूज, रंग, दोन हातांच्या तापमानातला फरक आणि मनगट किती अंश वळतं ते आकड्यांत. 'बुडापेस्ट' वाचून भाई जरा सरळ बसले. रजा मंजूर!

तेव्हा असं पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्या. आणि हो, रंग बदलला की लगेच मोबाइलवर फोटो काढा, दवाखान्यात गेलं की नेमका हात शहाण्यासारखा वागतो. मी भीतीने हात झोळीत जपून ठेवला होता, ते चुकलंच. फिजिओ तो हलवायला लावतात; आधी कापूस, मग मलमल, मग टॉवेल फिरवायचा. मध्ये आरसा उभा करून डाव्या हाताचं प्रतिबिंब बघत दोन्ही हात हलवायचे. सासूबाई म्हणाल्या, "आरशात बघून हात बरा होतो होय?" महिन्याभराने पोळी लाटली, तेव्हा गप्प बसल्या.

एमआरआयच्या पैशांचा अर्जही केला होता. परत आला. शेरा: रिपोर्ट नॉर्मल, सबब तपासणीची गरज दिसत नाही.