आमची वाटचाल : टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत

सुरुवातीला आमच्या वर्कशॉपमध्ये येईल ते काम घ्यायचो. ब्रेक, क्लच, वायरिंग, सगळंच. पण जुने ट्रक हौसेने जपणारे मालक एकच तक्रार घेऊन यायला लागले : चढावर इंजिन दम टाकतं, गरम झालं की बंद पडतं. यातल्या बऱ्याच जणांनी आधीच फ्युएल पंप (टाकीतून इंधन ओढणारा पंप) बदललेला असायचा आणि ट्रक तसाच अडत असायचा. तिथून आमच्या धंद्याला दिशा मिळाली. आज आम्ही जुन्या ट्रकची फक्त इंधनाची बाजू सांभाळतो.

या ट्रकमधला मेकॅनिकल पंप तसा साधा. इंजिनमधल्या कॅमशाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्याच्या फेऱ्यावर पंपाची दांडी हलते, डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) ओढला जातो आणि पेट्रोल आत येतं. मग स्प्रिंग डायफ्रामला परत ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे, जातं. पण पंप आणि टाकी यांच्यामधल्या रबरी पाइपला बारीक चीर असेल, तर बाहेर थेंबही गळत नाही, पंप नुसती हवा ओढत राहतो. दोष पाइपचा आणि बदलला जातो पंप! म्हणून आमच्याकडे पाना हातात घेण्याआधी प्रेशर मोजायचा गेज लागतो. कार्ब्युरेटरवाल्या इंजिनांना साधारण ४ ते ६ पीएसआय (दाबाचं एकक) प्रेशर पुरतं. त्यानंतर पंपाला वेगळ्या कॅनमधून पेट्रोल देऊन बघतो. तेवढ्यानं इंजिन सुरळीत चाललं, तर पंपाला हात लावत नाही.

पंप खरंच गेला असेल तर बहुधा डायफ्राम फाटलेला असतो. जुन्या रबराला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मानवत नाही. फाटक्या डायफ्राममधून पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं, त्यामुळे डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून वास घेतल्याशिवाय आम्ही इंजिन चालू करत नाही. वास आला तर ऑइल आणि फिल्टर बदललेच पाहिजेत, यात तडजोड नाही.

आमच्याकडे सर्वात जास्त येतं ते चेव्हरोलेटचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन, १९५५ मध्ये आलेलं. त्यात कॅम आणि पंपाच्या मध्ये एक छोटा पुशरॉड (धातूची सळई) असतो. पंप काढला की तो खाली घसरतो, नव्या पंपाची दांडी त्याच्याखाली नीट बसत नाही, आणि घाईतला माणूस बोल्ट आवळून पंप ओढून घेतो. मग दांडी वाकते नाहीतर ब्लॉकमधले आटे जातात. आम्ही इंजिन हाताने फिरवून पुशरॉड पूर्ण वर जाईल असं आणतो आणि घट्ट ग्रीस लावून तो वरच चिकटवून ठेवतो. दोन्ही बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. पंप ब्लॉकला जवळपास हातानेच टेकला, तर समजायचं की काम बरोबर चाललंय.

कालांतराने, दोन भाग स्क्रूने जोडलेले पंप आम्ही फेकायचं बंद केलं. खोलण्याआधी दोन्ही अर्ध्या भागांवर आडवी खूण करायची, नवा डायफ्राम आणि व्हॉल्व्ह घालायचे, आणि दांडी पूर्ण दाबून धरूनच स्क्रू आवळायचे. तसं केलं नाही तर डायफ्राम ताणला जातो आणि लवकर फाटतो. काचेची वाटी असलेला मूळ पंप पुन्हा इंजिनवर बसला की मालकाला जो आनंद होतो, त्यासाठी एवढा वेळ द्यायला आमची तयारी असते. कडा दाबून बंद केलेले पंप मात्र खुलत नाहीत, ते बदलावेच लागतात.

इलेक्ट्रिक पंप बसवून द्या, असंही बरेच जण सांगतात. पण त्याचं प्रेशर जास्त झालं तर पेट्रोल कार्ब्युरेटरच्या नीडलला (पेट्रोल अडवणाऱ्या सुईला) न जुमानता उतू जातं, आणि अपघातात पंप आपोआप बंद व्हायची सोय वेगळी करावी लागते. म्हणून आधी मूळ पंप सुधारता येतो का, हेच आम्ही बघतो.

सध्या वायपर चालवायला व्हॅक्यूम (हवेची ओढ) देणाऱ्या दुहेरी पंपांचं काम आम्ही हाती घेतलंय. त्यात दोन डायफ्राम असतात, आणि इंधनाचा डायफ्राम ठणठणीत असूनही वायपरचा गेलेला असू शकतो.