पाटीवरचा पाव आणि तोंडातला पाव

अथेन्सला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बेकरीत स्वतःचं हसं करून घेतलं. दुकानावर ठळक अक्षरांत 'आर्तोपिइओ' लिहिलं होतं. येण्याआधी थोडं प्राचीन ग्रीक गिरवलं होतं, त्यामुळे 'आर्तोस' म्हणजे पाव एवढं कळलं. ऐटीत आत जाऊन एक आर्तोस मागितला. काउंटरवरची बाई क्षणभर बघत राहिली, मग हसून म्हणाली, "प्सोमी!" पुण्यात चहाच्या टपरीवर 'उदक' मागावं, तसला प्रकार. आर्तोस आता चर्चमध्ये, विधीच्या पावाला म्हणायचं. घरी खातात तो प्सोमी. दुकानालाही बोलताना आर्तोपिइओ कोणी म्हणत नाही, 'फुर्नोस' म्हणतात, आणि तो शब्द मुळात लॅटिन. (आपला पाव तरी कुठे आपला? पोर्तुगीजच की.)

मग रस्ताभर तेच दिसायला लागलं. मासळीच्या दुकानावर 'इख्थिओपोलिओ', आत मासा मात्र 'प्सारी'. वाइनच्या दुकानाच्या नावात प्राचीन 'इनोस', टेबलावर 'क्रासी'. या क्रासीची गंमत अशी की प्राचीन ग्रीक वाइनमध्ये पाणी घालून पीत. त्या मिसळण्याला 'क्रासिस' म्हणत, त्यातून हे नाव आलं. आता वाइन नुसतीच पितात, नाव मात्र पाणी घातलेलीचं राहिलंय.

पाट्यांवरची ही भाषा म्हणजे 'काथारेवुसा', शुद्ध केलेली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या अदामांतिओस कोराइस या विद्वानाने १८०० च्या आसपास तिचा पाया घातला. ऑटोमन तुर्कांच्या राजवटीत शिरलेले तुर्की, इटालियन शब्द काढायचे आणि जुनी रूपं आणायची, असा बेत. स्वातंत्र्यानंतर सरकार, कोर्ट, शाळा सगळीकडे तीच आली. लोक आपले 'दिमोतिकी'त, म्हणजे रोजच्या बोलीत, बोलत राहिले. 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की' या थाटात पोरांना निबंध लिहायला लावले तर काय होईल, ते आठवा.

हा वाद नुसता पंडितांचा नव्हता. १९०१ साली 'आक्रोपोलिस' या वृत्तपत्राने बोलीतल्या ग्रीकमध्ये बायबलच्या शुभवर्तमानाचं भाषांतर छापायला सुरुवात केली आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. नोव्हेंबरातल्या त्या दंगलीत आठ माणसं मेली, सरकार पडलं. भाषांतरावरून! पुढे १९६७ ते १९७४ च्या लष्करी राजवटीला काथारेवुसा फार प्रिय होती. बहुधा त्यामुळेच ती लोकांच्या मनातून पुरती उतरली. १९७६ मध्ये शाळेत आणि कारभारात दिमोतिकी आली.

खालच्या मजल्यावरच्या आजी साठच्या दशकात शाळेत होत्या. मी बाजारात निघाले की चिठ्ठी देतात. परवाच्या चिठ्ठीत 'आव्गा', म्हणजे अंडी, लिहिताना त्यांनी सुरुवातीच्या स्वरांवर एक बारीकसा, हुकासारखा आकडा काढला होता. १९८२ मध्ये जुनी स्वरचिन्हं काढून एकच ठेवलं, त्यात हाही गेला. त्यांच्या नातवाला विचारलं, तर त्याला माहीतच नव्हता. आजींनी समजावलं : स्वराआधी 'ह' असेल तर एका बाजूला वळलेला आकडा, नसेल तर दुसऱ्या बाजूला. म्हणजे इथे 'ह' नाही, हे सांगायला खूण. आणि ज्या शब्दांत तो होता, तिथेही गेली दीड हजार वर्षं कोणी उच्चारत नाही.

मला माझी आजी आठवली. १९६२ च्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार गेले, पण तिच्या पत्रांत शेवटपर्यंत 'नांव' आणि 'पाठविलें' असायचं. एकदा मी विचारलं, हे टिंब वाचायचं कसं? "वाचायचं नाही गं," ती म्हणाली, "द्यायचं."