उडुपीचं कृष्णदर्शन : नऊ छिद्रांच्या खिडकीपर्यंत (माझा अनुभव)

कर्नाटकातल्या उडुपीच्या कृष्णमठात भक्त गाभाऱ्याच्या दारात उभा राहत नाही. चांदीने मढवलेल्या एका खिडकीला नऊ छिद्रं आहेत, त्यांतून देव बघायचा. तिला नवग्रह किंडी म्हणतात. कन्नडमध्ये किंडी म्हणजे झरोका. रांगेत अर्धा तास गेला काय किंवा दोन तास गेले काय, खिडकीपाशी वाट्याला येतात मोजके क्षण. पंढरपूरला पायांवर डोकं ठेवायची सवय असलेल्या माणसाला हे आधी माहीत नसेल, तर तो खिडकीची नक्षी बघत राहतो आणि तेवढ्यात मागचा माणूस पुढे येतो. म्हणून मी उडुपीची सगळी आखणी त्या खिडकीच्या हिशोबाने करतो.

जायला कोकण रेल्वे सगळ्यात सोयीची. मत्स्यगंधा एक्सप्रेस मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उडुपीला पोचवते. पावसाळ्यात या मार्गाचं वेळापत्रक बदलतं आणि गाड्या हळू चालतात, त्यामुळे जुन्या तिकिटावरची वेळ धरून बेत करू नये. स्टेशन गावाबाहेर इंद्राळीला आहे, तिथून मठ तीनेक किलोमीटर. मी रिक्षावाल्याला 'रथबीदी' सांगतो. मठांभोवतीच्या रथाच्या रस्त्याचं ते नाव, आणि पुढचं सगळं पायीच करायचं असतं.

कोणत्या वेळी जायचं, हे काय बघायचं आहे त्यावर ठरवावं. इथे दिवसभरात चौदा पूजा होतात. पहाटे निर्माल्य काढण्यापासून त्या सुरू होतात, सकाळी पंचामृत अभिषेक होतो, दुपारच्या आत महापूजा आणि रात्री शेवटची एकांत सेवा. अभिषेकाच्या सुमारास मूर्तीवर साज नसतो. बाळकृष्णाच्या उजव्या हातात रवी आणि डाव्या हातात दोरी आहे, आणि ती नीट दिसते ती याच वेळेत. महापूजेच्या आधी अलंकार चढतो. तो रोज वेगळा असतो आणि देखणाही असतो, पण त्याखाली रवी-दोरी शोधावी लागते. नवरात्रात तर देवाला स्त्रीरूपात सजवतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा जाणाऱ्याने सकाळी सातच्या आत रांगेत असावं. एकदा मूळ मूर्ती बघितली की अलंकारातही ती ओळखू येते. उलट क्रमाने गेलं की फक्त सोनं आणि फुलं आठवतात.

कपड्यांवरून दारात सगळ्यात जास्त घोटाळा होतो. पुरुषांना शर्ट आणि बनियन दोन्ही उतरवावं लागतं. हा नियम कधी फक्त सकाळपुरता असतो तर कधी पूर्ण दिवस लागू असतो, म्हणून वेळेचा विचार न करता तयारीनेच जावं. मी धोतर किंवा लुंगी नेसतो, उपरणं कमरेला गुंडाळतो आणि एक कापडी पिशवी घडी करून सोबत ठेवतो. उतरवलेला शर्ट त्या पिशवीत जातो. पिशवी नसली की शर्ट काखेत, प्रसाद एका हातात, चष्मा दुसऱ्या हातात, आणि खिडकीपाशी नमस्काराला हातच उरत नाहीत. बायकांनी साडी किंवा ओढणीसह सलवार कमीज घालावी. हाफ पँट चालत नाही. फोन पिशवीत बंद असलेला बरा, आत फोटो काढू देत नाहीत.

आता क्रम. इथली रीत आधी चंद्रमौळीश्वर, मग अनंतेश्वर आणि शेवटी कृष्ण अशी आहे. दोन्ही देवळं रथबीदीच्या मधोमध आहेत आणि कृष्णमठापेक्षा जुनी आहेत. द्वैतमताचे आचार्य मध्वाचार्य यांनी तेराव्या शतकात कृष्णाची स्थापना केली तेव्हा ती इथे होतीच. दोन्हींना मिळून पाऊण तास पुरतो. अनंतेश्वराचं देऊळ शांत आणि थोडं अंधारं आहे, आणि त्याचा मला एक उपयोग होतो: बाहेरच्या उन्हातून आलेले डोळे तिथे निवतात.

त्यानंतर कनकन किंडी. ही मठाच्या पश्चिमेकडच्या भिंतीतली बाहेरची खिडकी, रस्त्यावरूनच दिसते. सोळाव्या शतकातले संत कनकदास कुरुबा समाजातले, म्हणजे आपल्याकडच्या धनगरांसारखे मेंढपाळ. त्यांना आत प्रवेश मिळाला नाही. ते पश्चिमेला उभे राहून आळवत राहिले, तेव्हा भिंतीला तडा गेला आणि देव त्यांच्याकडे वळला, अशी इथली श्रद्धा आहे. मूर्ती आजही पश्चिमाभिमुख आहे. पुष्कळ लोक हीच खिडकी मुख्य समजून इथूनच परततात, आणि तितकेच लोक इकडे न फिरकता थेट रांगेत शिरतात. मी आधी इथे थांबतो. चोखोबांची समाधी महाद्वाराशी आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या खिडकीपाशी कुणी काही समजावून सांगायची गरज पडत नाही.

मग रांग. धर्मदर्शनाला पैसे लागत नाहीत. शेजारी मध्व सरोवर आहे, त्याच्या मधोमध मंडप आहे. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून काठावरूनच पाणी घेऊन पुढे व्हावं. एखादी पूजा चालू असेल तर रांग अडते. महापूजेच्या वेळी हमखास अडते, आणि लहान मुलं व वयस्कर माणसं सोबत असतील तर ती वेळ टाळलेलीच बरी. थांबलेल्या वेळात कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदं कानावर पडली तर शेवटच्या ओळीकडे लक्ष द्यावं. त्यांची मुद्रा, म्हणजे पदाच्या शेवटी येणारी नाममुद्रा, 'पुरंदर विठ्ठल' आहे. कन्नड मुळीच येत नसलं तरी तेवढं कळतं.

खिडकी आली की मी तीन गोष्टी सांभाळतो. नमस्कार आधीच, रांगेतच करून घेतो, म्हणजे समोर आल्यावर डोळे मिटले जात नाहीत. चेहरा खिडकीच्या जवळ नेतो, कारण लांबून बघितलं की डोळा चांदीच्या जाळीवर अडकतो आणि मागे नुसता अंधार दिसतो. आणि नऊ छिद्रांमध्ये नजर फिरवत न बसता एकच छिद्र धरतो. आत तेलाच्या दिव्यांचा पिवळा उजेड असतो. आधी ज्योती दिसतात, मग त्यांच्यामधला काळा आकार, मग मुकुटाखालचा लहानसा चेहरा. डोळ्यांना स्थिरावायला दोन श्वास लागतात. तेवढा वेळ जाळीत घालवला तर दर्शन तिथेच संपतं. लहान मुलाला उचलून धरावं, त्याला आधी 'दिवे कुठे आहेत?' असं विचारावं, म्हणजे त्याची नजर आपोआप आत जाते.

मूर्तीला हात लावायचा अधिकार फक्त अष्टमठांच्या स्वामींना आहे. पलिमारु, अदमारु, कृष्णापूर, पुत्तिगे, शिरूर, सोदे, काणियूर आणि पेजावर हे ते आठ मठ. पूजा पाळीपाळीने फिरते, तिला पर्याय म्हणतात. पूर्वी ही पाळी दोन महिन्यांची होती. सोदे मठाच्या वादिराज स्वामींनी ती दोन वर्षांची केली आणि ती पद्धत 1522 पासून चालू आहे. म्हणजे एका मठाची पाळी सोळा वर्षांनी येते. बदल सम वर्षी 18 जानेवारीला होतो. तो सोहळा बघण्यासारखा आहे, पण त्या दिवसांत निवांत दर्शनाची अपेक्षा ठेवू नये आणि खोली फार आधी ठरवावी.

तारखांच्या बाबतीत आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर विसंबू नये. उडुपीची जन्माष्टमी सौर महिन्याप्रमाणे, सिंह मासात (सूर्य सिंह राशीत असतो त्या महिन्यात) धरतात. 2025 मध्ये आपल्याकडे गोकुळाष्टमी ऑगस्टच्या मध्यावर झाली, तिथे ती 14 सप्टेंबरला होती. दुसऱ्या दिवशी विट्लपिंडी, म्हणजे रथबीदीवर लाकडी चौकटींना टांगलेली मडकी फोडत जाणारी मिरवणूक. दहीहंडी बघितलेल्या माणसाला ती लगेच आपली वाटेल. मनोरे मात्र नसतात. मातीचा कृष्ण त्या दिवशी मध्व सरोवरात विसर्जित होतो.

रथ बघायचा असेल तर पावसाळ्यात जाऊ नये. चातुर्मासात उत्सवमूर्ती बाहेर निघत नाही, कार्तिकातल्या उत्थान द्वादशीपासून रथ पुन्हा फिरू लागतो. मकर संक्रांतीच्या आसपासच्या सप्तोत्सवात एकाच रात्री तीन रथ निघतात.

दुपारचं जेवण चुकवू नये. पंक्तीला भात पुन्हा पुन्हा येतो: आधी सारु, मग हुळी, शेवटी ताक. सारु म्हणजे पातळ सार, हुळी म्हणजे डाळ-भाजीची आंबट आमटी. मध्ये पायसही येतं. पोळी नसते, कांदा-लसूण तर नसतोच. आपली माणसं पहिल्याच वाढीला डोंगराएवढा भात घेतात आणि हुळी येईपर्यंत पोट भरून बसतात. सुरुवातीला मूठभर घ्यावा. चातुर्मासात मठाच्या स्वयंपाकाला व्रतांची बंधनं असतात: पहिल्या महिन्यात भाज्या वर्ज्य, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध, चौथ्यात डाळी. तेव्हा ताटात काही कमी दिसलं तर कारण हे असतं. एकादशीला भाताची पंगत नसते आणि माध्व लोक, म्हणजे मध्वाचार्यांचे अनुयायी, ती फार कडक पाळतात, म्हणून तो दिवस गाठला तर बाहेरची सोय बघून ठेवावी.

दुपारी हातात वेळ असेल तर मी समुद्रकाठच्या मलपेला जातो, गावापासून सहाएक किलोमीटर. द्वारकेहून आलेलं गलबत वादळात सापडलं, मध्वाचार्यांनी किनाऱ्यावरून वस्त्र हलवून ते वाचवलं आणि मोबदल्यात गोपीचंदनाचे गोळे मागून घेतले, अशी मूर्तीची कथा इथे सांगतात. एका गोळ्यात बलराम होता, तो मलपेजवळ वडभांडेश्वरला राहिला, दुसऱ्यात कृष्ण. वडभांडेश्वरचं देऊळ लहान आहे, अर्धा तास पुरतो.

संध्याकाळी परत मठात. रात्रीच्या पूजेनंतर उत्सवमूर्ती पाळण्यात ठेवतात, मग एकांत सेवा आणि देव झोपतो. गाडी उशिराची असेल तर मी सामान लॉजवरच ठेवून यासाठी थांबतो. सकाळी रवी-दोरी घेऊन उभा असलेला बाळ रात्री झोपवला जातो, तेव्हा रांग विरळ असते आणि पुढे सरका म्हणणारं कुणी नसतं.