रायण, जांभूळ आणि फालसा: एका पेयाची जुळवाजुळव

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात उन्हाळा सरताना थोडेच दिवस रायण, फालसा आणि जांभूळ एकदम मिळतात. या तिघांचं मिळून पेय करायचं मी ठरवलं, कारण एकेकट्याचा रस बाटलीत भरण्याजोगा होत नाही. जांभळाने जीभ आवळते. फालसा फार आंबट आणि अतिशय नाशवंत. रायण, म्हणजे खिरणी, भरपूर गोड. पण आंबटपणा नावालाही नाही आणि चीक ओठांना चिकटतो. "रायणनो ते कंई रस थाय, बेन?" फळवाल्या मासींनी विचारलंच. एकट्या रायणचा होत नाही, हे त्यांचं खरं होतं.

तिघं एकत्र आली की मात्र जमतं. रायणची गोडी जांभळाचा तुरटपणा मऊ करते आणि साखर कमी लागते. फालशाचा आंबटपणा जांभळाचा रंग सांभाळतो. जांभळातली जांभळी द्रव्यं आंबट रसात लालसर राहतात. आंबटपणा कमी पडला की निळसर, मळकट दिसू लागतात. ही गोष्ट स्वतःच्या पातेल्यात पाहिली तेव्हा मला फार आनंद झाला. सायट्रिक आम्ल वरून घालावं लागलंच नाही.

चिकासाठी रायण पूर्ण पिकलेलीच घ्यायची आणि रात्रभर पसरून ठेवायची. जांभळाचा गर चाळणीवर हातानेच काढायचा, मिक्सरमध्ये बी फुटता कामा नये. भांडं स्टीलचंच हवं. लोखंड लागलं की जांभळातल्या टॅनिनमुळे, म्हणजे तुरट द्रव्यामुळे, रस काळा पडतो.

मग हिशोब. एक किलो पेयात मी 250 ग्रॅम मिश्र गर घेते. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे गोडी मोजायचं उपकरण, गर 16 ब्रिक्स (शंभर ग्रॅममध्ये साधारण 16 ग्रॅम गोडी) दाखवत असेल, तर त्यातून 40 ग्रॅम गोडी येते. पेय 12 ब्रिक्सचं करायचं तर एकूण 120 ग्रॅम गोडी हवी, म्हणजे वरून साखर 80 ग्रॅम. गर दर खेपेला मोजावाच लागतो, पाऊस पडून गेल्यावरची जांभळं पाणचट असतात. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाने अशा तयार पेयात किमान 10 टक्के फळांचा रस पुरतो. तेवढ्यावर भागवणं मला पटत नाही, फळाची चवच लागत नाही.

पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (जितका कमी तितकं आंबट), 4.6 च्या बराच खाली आहे ना, हे तपासूनच पुढे जायचं. मिश्रण 85 ते 90 अंशांपर्यंत तापवून गरम असतानाच निर्जंतुक काचेच्या बाटल्यांत भरते, झाकण लावून बाटली थोडा वेळ उलटी ठेवते, म्हणजे झाकणही आतून तापतं. उष्णतेने क जीवनसत्त्व थोडं जातं, म्हणून उकळत ठेवत नाही.

जांभूळ म्हटलं की लोक मधुमेहाचं विचारतात. सासूबाईंनाही मधुमेह आहे. त्यांना मी हे पेय देत नाही, जांभळंच देते, तीही बेताने. साखर घातलेल्या बाटलीवर औषधी दावा लिहायचा नाही, यावर मी ठाम आहे.

गर तळाशी बसतो. गाळला तर पेय स्वच्छ दिसेल, पण तंतू जातील. म्हणून लेबलवर 'हलवून प्या' एवढंच लिहिलंय. हिवाळ्यात कवठं येतील. त्यांच्या गरात पेक्टिन, म्हणजे रस दाट करणारं द्रव्य, भरपूर असतं. तो गोठवून ठेवून पुढच्या मोसमात थोडा मिसळला, तर गाळ धरून राहतो का, ते पाहायचंय.