टीपकागद

जुन्या ट्रंकेतली जमाखर्चाची वही चाळताना परवा एक टीपकागद खाली पडला. गुलाबी, कडा पिवळट झालेल्या, आणि अंगभर शाईची उलटी अक्षरं. आरशासमोर धरल्यावर आजोबांचं वळणदार अक्षर सुलटं झालं: दळण, रॉकेल, लाकडे. आकडे मात्र पुसट. ‘‘आरशाशी काय उद्योग चाललाय?’’ आईनं विचारलं. आता काय सांगणार!

टीपकागद म्हटलं की मला न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या लेखिका कॅथरीन मॅन्सफिल्डची ‘द फ्लाय’ आठवते. कथा १९२२ सालची, उण्यापुऱ्या काही पानांची. लंडनमधलं एक ऑफिस, नवा गालिचा, नवं फर्निचर आणि एक साहेब. त्याला कथाभर नाव नाही. मुलगा पहिल्या महायुद्धात मारला गेला, त्याला सहा वर्षं झालीत. भेटायला आलेला म्हातारा वुडिफिल्ड बोलता बोलता सांगतो, की पोरी बेल्जियमला गेल्या होत्या, आमच्या रेजीचं थडगं पाहायला. तुमच्या मुलाचंही जवळच दिसलं. म्हातारा गेल्यावर साहेब शिपायाला बजावतो, अर्धा तास कुणाला आत सोडू नकोस. त्याला रडायचं असतं. अगदी ठरवून, वेळ काढून. आणि रडू येत नाही.

तेवढ्यात दौतीत पडलेली माशी दिसते. तो तिला टाकानं उचलून टीपकागदावर ठेवतो. ती पंख पुसते, पाय पुसते, उडायच्या बेतात येते, की हा वरून शाईचा थेंब टाकतो. पुन्हा तेच. तिची जिद्द पाहून त्याला कौतुक वाटतं. लवकर वाळावी म्हणून तो तिच्यावर हळूच फुंकरही घालतो. आणि मग आणखी एक थेंब. मला या कथेत सगळ्यात भीती वाटते ती त्या फुंकरीची. थेंब टाकणारा माणूस दुष्ट म्हणून सोडून देता येतो. फुंकर घालणाऱ्याचं काय करायचं? मुलासाठी धंदा उभा केला, त्याच्या नावानं खुर्ची राखून ठेवली, तोही असाच जीव लावून.

माशी म्हणजे कोण, यावर समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. कुणी म्हणतं खंदकात मेलेली पोरं, कुणी म्हणतं स्वतः मॅन्सफिल्ड. तिचा भाऊ लेस्ली १९१५ मध्ये बेल्जियममध्ये हातबॉम्बचं प्रात्यक्षिक दाखवताना गेला. तिला स्वतःला क्षय होता. कथा छापून आली त्याच्या पुढच्या जानेवारीत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ती गेली. हे सगळं खरं. पण मला माशीपेक्षा जॅमचं भांडं जास्त छळतं. थडग्याचं बोलून झाल्यावर वुडिफिल्डचा चेहरा एकदम खुलतो: तिथल्या हॉटेलानं जॅमच्या एवढ्याशा भांड्याचे दहा फ्रँक घेतले! मग त्याच्या पोरीनं ते भांडंच उचलून आणलं, अद्दल घडावी म्हणून. हे वाचून हसू येतं, आणि लगेच ओळखही पटते. नाशिकला अस्थी सोडून आलेला आमचा काका चप्पल काढायच्या आधी रिक्षावाल्यानं किती उकळले ते सांगत होता. आणि आजोबांच्या वहीतली ती ‘लाकडे’ चुलीसाठी नव्हती, हे पानावरची तारीख पाहिल्यावर कळलं. आजी गेली तो दिवस. दळण लिहायचंही राहिलं नव्हतं.

आपल्याकडे शाई टिपतात आणि डोळेही टिपतात. क्रियापद एकच. (पाखरं दाणे टिपतात ते निराळं.) मॅन्सफिल्डला मराठी कुठून येणार, पण तिच्या साहेबाच्या टेबलावर टिपण्याची सगळी सोय आहे आणि टिपायला डोळ्यांत काही नाही, म्हणून शाई. शेवटी तो मेलेली माशी कागद कापायच्या सुरीनं उचलून टोपलीत भिरकावतो, घंटा वाजवतो, आणि शिपायाला ताजा टीपकागद आणायला फर्मावतो. मग आठवू लागतो, आपण मघाशी कशाचा विचार करत होतो बरं? काही केल्या आठवत नाही. रुमाल निघतो खिशातून, पण तो कॉलरच्या आत, मानेवरून फिरतो.