हे फाटके अंक कशाला सांभाळता?

माझ्या कपाटात जुनी लघुअनियतकालिकं आहेत, म्हणजे लिटल मॅगझिन: अनियमित निघणारी छोटी साहित्यिक मासिकं. घरी येणारा माणूस त्या कपाटाकडे बघतो आणि चहा संपायच्या आत विचारतोच, "चांगल्या कविता पुढे संग्रहात येतातच की. मग हे फाटके अंक कशाला?"

येतात, पण एकेकट्या येतात. अंकात कवितेच्या शेजारी कोण बसलं होतं, ते संग्रह सांगत नाही. त्या शेजाऱ्यांतल्या कित्येकांनी पुढे ओळही लिहिली नाही. शिवाय संग्रह काढताना कवी शब्द बदलतो, अख्खं कडवं गाळतो. आधीचं रूप राहतं ते अंकातच. आणि 'वर्गणी संपलेल्यांनी कृपया' असा संपादकाचा काकुळतीचा मजकूर तर मी कवितेइतक्याच आवडीने वाचतो. पुढचा अंक निघणार की नाही, त्याचा अंदाज तिथे येतो.

१९५५ साली मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या कवींनी 'शब्द' हे लघुअनियतकालिक काढलं ते सायक्लोस्टाइल करून. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर अक्षरं कोरायची, त्यातून शाई कागदावर उतरवायची. प्रती काढता काढता स्टेन्सिल थकते, अक्षरं फुटू लागतात. त्यामुळे अशा अंकाच्या दोन प्रती हुबेहूब सारख्या नसतात. मी दोन्ही ठेवतो. (घरच्यांना हे पटलेलं नाही.)

वाळवीपेक्षा मला धास्ती स्टेपलरच्या पिनेची. ती गंजते, भोवतीचा कागद तपकिरी होतो आणि एक दिवस मधलं पान हातात येतं. मग बोथट सुरीने पिनेचे पाय हलकेच उचलायचे, पिन काढायची आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवायचा. हे शहाणपण उशिरा आलं. सुरुवातीला मी एका अंकाच्या घडीवर सेलोटेप लावली होती. टेप केव्हाच गळून पडली. तिचा पिवळा डाग मात्र कवितेवर कायमचा बसलाय.

ग्रंथालयांना हे अंक अडचणीचे वाटतात. नावच लघुअनियतकालिक, आकार दरवेळी वेगळा, क्रमांकाचा भरवसा नाही. एका मोठ्या ग्रंथालयाने असे गठ्ठे टाकायला काढलेले कोलकात्याच्या संदीप दत्त यांनी १९७२ साली पाहिले. १९७८ मध्ये त्यांनी टेमर लेनमधल्या राहत्या घरातच लिटल मॅगझिनचं ग्रंथालय उघडलं आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत ते सांभाळलं. त्यापुढे माझं कपाट म्हणजे खेळ.

पण खेळातही अडायला होतं. एका मासिकाचा तिसरा अंक माझ्याकडे आहे, पाचवा आहे. चौथा नाही. संपादकांना फोन केला, तर म्हणाले, "चौथा? तो निघालाच नसेल हो. पैसे संपले होते तेव्हा."

पाचव्या अंकात एका वाचकाचं पत्र आहे. चौथ्या अंकातल्या कवितेवर चिडून लिहिलेलं.